अंतर-काल आलेख: आधी मोजा, मग पट्टी हातात घ्या

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा. त्यामुळे शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की अंतर-काल आलेखाचा गृहपाठ येतो आणि परळला माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं ग्राफ पेपर पसरून बसतात. पेन्सिल टोकदार असते, अक्ष सरळ असतात, रेघ सुरेख असते आणि तरीही आलेख चुकलेला असतो. कारण चूक रेघेत नसतेच, ती त्याआधीच्या तक्त्यात असते.

गेल्या वर्षी एका मुलीच्या तक्त्यात ५ मीटरला ४ सेकंद, १० ला ८, १५ ला १२ असं अगदी शेवटपर्यंत पाढ्यासारखं लिहिलेलं होतं. मी विचारलं, “कुठे चालून बघितलंस?” ती आधी गप्प बसली, मग हळूच म्हणाली, “बाई, घरात जागाच नाही.” तिचं बरोबर होतं. दहा बाय बाराच्या खोलीत कोण चाळीस मीटर चालणार? आम्ही खडू घेऊन इमारतीच्या तळमजल्यावरच्या पॅसेजमध्ये गेलो. तासाभरात तिच्याकडे खरे आकडे होते. ते पाढ्यासारखे नव्हते आणि म्हणूनच त्यांच्यावरून आलेख काढण्यात काही अर्थ होता.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. गृहपाठात तक्ता आयता दिला असेल तर थेट टप्पा ५ पासून सुरू करा.

## टप्पा १: प्रश्न नीट वाचा, सामान जमवा

गृहपाठात ‘एकसमान गतीचा’ लिहिलंय की ‘नैकसमान गतीचा’, ते आधी बघा. समान कालावधीत समान अंतर कापलं तर गती एकसमान आणि आलेख सरळ रेषा. तसं नसेल तर गती नैकसमान आणि आलेख वाकडा किंवा तुकड्यातुकड्यांचा. दुसरं म्हणजे ‘अंतर’ मागितलंय की ‘विस्थापन’ (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर), हेही बघा. या लेखात सगळीकडे अंतर आहे, म्हणजे प्रत्यक्ष चाललेल्या वाटेची लांबी.

सामान थोडं आहे: मोजायची टेप, खडू, स्टॉपवॉच असलेला मोबाईल, दोन ग्राफ पेपर (एक चुकला तर दुसरा), एचबी पेन्सिल, खोडरबर आणि ३० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी इथे चालत नाही. आपली रेघ साडेपंचवीस सेंटिमीटरच्या आसपास लांब होते. छोटी पट्टी सरकवून ती ओढली तर मधे हमखास गुडघा येतो.

माणसं दोन लागतात, एक चालणारा आणि एक घड्याळ धरणारा. एकट्याने करायला जाऊ नका. हातातल्या मोबाईलकडे बघत चालणाऱ्याची चाल प्रत्येक खुणेपाशी मंदावते.

## टप्पा २: जागा शोधा, खुणा करा

सरळ, सपाट ४० मीटर हवेत, शिवाय दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर मोकळे. चाळीतली लांब गॅलरी, सोसायटीचं कंपाउंड, शाळेचा व्हरांडा यांतलं काहीही चालेल. उघडीप असेल तर मैदान. शिवाजी पार्कला किंवा ओव्हलवर सकाळी लवकर गेलात तर क्रिकेट सुरू होण्याआधी काम उरकतं. गॅलरी २० मीटरचीच असेल तर तेवढ्यातच करा आणि खुणा ५ ऐवजी अडीच मीटरवर घ्या. गॅलरीच्या टोकाला वळून परत येऊन ४० पूर्ण करू नका. वळताना चाल तुटते आणि आलेखाला तिथे कुबड येतं.

जपा: रस्त्यावर किंवा फुटपाथवर हा प्रयोग करू नका. चालणाऱ्याचं लक्ष खुणांकडे असतं, घड्याळवाल्याचं मोबाईलकडे, गाड्यांकडे कोणाचंच नसतं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर खडूही टिकत नाही आणि पायही. कोरडा पॅसेज बघा, खडूऐवजी चिकटपट्टीचे तुकडे लावा.

आता खुणा. सगळ्यात जास्त नडणारी चूक इथे होते. घरातली स्टीलची टेप बहुधा पाच मीटरची असते. मुलं पहिली खूण करतात, टेप उचलतात, तिथून पुढे पाच मीटर मोजतात, परत उचलतात. दर वेळी दोन सेंटिमीटरची चूक एकाच बाजूला झाली तर आठव्या खुणेपर्यंत सोळा सेंटिमीटर होतात. ओळखीच्या सुताराकडे किंवा कंत्राटदाराकडे लांब टेप असते. ती तासाभरासाठी मागून आणा, एकदाच अंथरा आणि सगळ्या खुणा शून्यापासूनच मोजा. लांब टेप मिळालीच नाही तर पाच मीटरची टेप वापरा, पण ती उचलण्याआधी पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि पुढचं माप त्याच रेघेपासून घ्या. जाड खडूची रेघ स्वतःच एक-दीड सेंटिमीटर रुंद असते. एकदा तिच्या अलीकडून आणि एकदा पलीकडून मोजलं तर तेवढी चूक तिथेच झाली.

खूण म्हणून ठिपका देऊ नका. वाटेच्या पूर्ण रुंदीभर आडवी रेघ मारा. ठिपका लांबून तिरका दिसतो आणि पाय तो कधी ओलांडतो हे अंदाजाने ठरवावं लागतं. आडव्या रेघेला अंदाज लागत नाही. प्रत्येक रेघेजवळ ०, ५, १०, १५ असे आकडे मोठे लिहा.

शून्याच्या रेघेआधी तीन मीटर मोकळी जागा ठेवा, ४० च्या पुढेही तीन मीटर. उभा माणूस चालू लागतो तेव्हा पहिली दोन पावलं हळू पडतात आणि शेवटची रेघ दिसली की पाय आपोआप आखडतात. मागून चालत येऊन शून्य ओलांडलं आणि ४० च्या पुढे जाऊन थांबलं, की मधला सगळा पट्टा एका चालीचा मिळतो.

पडताळा: दोन फुटी फरशी साधारण ६० सेंटिमीटरची असते. तशी फरशी असेल तर दोन खुणांमध्ये आठ फरशा आणि वर वीसएक सेंटिमीटर यायला हवेत. एखाद्या जागी सात किंवा नऊ आल्या तर ती खूण पुन्हा मोजा.

## टप्पा ३: वेळ मोजा

आधी एकदा घड्याळ न लावता नुसतं चालून बघा. मनात ठेका धरा आणि रोज शाळेत जाताना चालता तसंच चाला. मुद्दाम हळू चाललं की चाल डगमगते.

चालणाऱ्याने शून्याची रेघ ओलांडताना “शून्य” म्हणायचं, पुढच्या रेघांवर “एक”, “दोन”, “तीन” असं आठपर्यंत. “शून्य” ऐकताच घड्याळवाल्याने स्टॉपवॉच सुरू करायचं आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला ‘लॅप’चं बटण दाबायचं. मधे थांबवायचं नाही. रेघ ओलांडली म्हणजे नेमकं काय, हे आधीच ठरवा: छाती रेघेच्या वर आली की. एका रेघेला पुढचा पाय आणि दुसऱ्या रेघेला मागचा पाय धरला तर अर्ध्या पावलाचा फरक पडतो.

आवाज ऐकून बोट दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. म्हणून खुणा एक-एक मीटरवर घेऊ नका. एक मीटर चालायला पाऊण-एक सेकंद लागतो, त्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर मापाचा चौथा हिस्सा गेला. पाच मीटरला चार सेकंद लागतात, तिथे तेवढीच चूक विसावा हिस्सा होते.

जपा: मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लॅप दाबला की बहुधा दोन आकडे दिसतात. एक त्या टप्प्याला लागलेला वेळ (३.९, ४.३, ३.८ असा) आणि दुसरा सुरुवातीपासूनचा एकूण वेळ (३.९, ८.२, १२.० असा). आलेखाला एकूण वेळ लागतो. पहिला रकाना उतरवून घेतलेल्या मुलांचे सगळे बिंदू चार सेकंदांच्या आसपास एकावर एक उभे राहतात आणि नेमकं काय बिघडलं ते त्यांना कळत नाही.

हे सगळं तीन वेळा करा. तिन्ही वेळा चालणारा तोच आणि घड्याळवालाही तोच.

## टप्पा ४: निरीक्षण तक्ता

तक्ता कच्च्या कागदावर नको, थेट प्रयोगवहीत. रकाने पाच: अंतर (मी), वेळ पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा (से) आणि सरासरी वेळ (से). एकक रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहा.

मोबाईल सेकंदाचे शंभर भाग दाखवतो, पण आपलं बोट तेवढं अचूक नाही. १६.०४ दिसलं तर १६.० लिहा. दशांशानंतर एक अंक पुरे.

२० मीटरच्या रेघेला १६.०, १६.५ आणि १६.१ सेकंद लागले. बेरीज ४८.६, तिनाने भागून १६.२. असं प्रत्येक रेघेचं केल्यावर हा तक्ता तयार झाला. पुढचे टप्पे मी याच आकड्यांवर दाखवते.

० मी – ० से
५ मी – ३.९ से
१० मी – ८.२ से
१५ मी – १२.० से
२० मी – १६.२ से
२५ मी – १९.८ से
३० मी – २४.१ से
३५ मी – २७.९ से
४० मी – ३२.१ से

समजा २५ मीटरला १९.७, १९.९ आणि २३.८ असे आकडे आले. तिसरा उघड चुकलेला आहे, एक लॅप दाबायचा राहिला असणार. तो सरासरीत घेऊ नका आणि खोडरबरने पुसूही नका. त्यावर एक आडवी रेघ मारा, शेजारी ‘लॅप चुकला’ लिहा आणि चौथ्यांदा चालून नवा आकडा घ्या. खाडाखोड दिसली म्हणून कोणी गुण कापत असेल असं मुलांना वाटतं. मला तर वहीत अशी एखादी रेघ दिसली की हायसं वाटतं, कारण पोर खरोखर चाललंय हे तिथे दिसतं.

पडताळा: वेळेचा रकाना वरून खाली सतत वाढत गेला पाहिजे. एखादा आकडा आधीच्यापेक्षा कमी असेल तर उतरवताना चूक झालीय.

## टप्पा ५: अक्ष

वेळ आडव्या अक्षावर, म्हणजे एक्स अक्षावर. अंतर उभ्या अक्षावर, म्हणजे वाय अक्षावर. तक्त्यात अंतराचा रकाना पहिला असतो, म्हणून कितीतरी मुलं अंतर आडव्या अक्षावर घेतात. तसं केलं की आलेखाचा अर्थच उलटतो. आपल्याला रेघेच्या चढावरून चाल काढायची आहे आणि चाल म्हणजे अंतर भागिले वेळ. अक्षांची अदलाबदल झाली तर चढ म्हणजे वेळ भागिले अंतर होतो आणि हळू चालणाऱ्याची रेघ जास्त उभी दिसते.

अक्ष ग्राफ पेपरच्या छापील कडेवर काढू नका. डावीकडून एक सेंटिमीटर आणि खालून दोन सेंटिमीटर आत, जाड छापील रेघेवरच काढा. आडव्या अक्षाखाली ‘वेळ (से)’ लिहा, उभ्या अक्षाशेजारी ‘अंतर (मी)’. एकक राहिलं तर तो अक्ष अर्धाच आहे असं धरा.

## टप्पा ६: प्रमाण ठरवा

इथे घाई करू नका. शिकवणीत मी सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला देते.

मराठीत आपण पट्टीलाही स्केल म्हणतो आणि प्रमाणालाही, त्यातून बराच घोळ होतो. प्रमाण म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर किती सेकंदांचा किंवा किती मीटरचा, ते. नेहमीच्या ग्राफ पेपरवर एका सेंटिमीटरच्या मोठ्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूला दहा बारीक घरं असतात. मोठ्या घराची किंमत अशी हवी की बारीक घराची किंमत तोंडी सांगता येईल. म्हणून १, २, ५, १०, २०, ५० यांतलीच संख्या घ्या.

३ घेतलं तर काय होतं बघा. एक मोठं घर ३ सेकंद, मग बारीक घर ०.३ सेकंद. आता २४.१ सेकंद मांडा. आठ मोठी घरं म्हणजे २४ आणि उरलेला ०.१ म्हणजे बारीक घराचा तिसरा हिस्सा. प्रत्येक बिंदूला असा हिशेब करताना एक-दोन बिंदू चुकतातच.

आपला सर्वांत मोठा वेळ ३२.१ सेकंद. कागद आडवा साधारण १८ सेंटिमीटर. १ सेंमी = १ सेकंद धरलं तर ३२ सेंटिमीटर लागतील, कागदात मावणार नाही. १ सेंमी = ५ सेकंद धरलं तर सगळा आलेख साडेसहा सेंटिमीटरात कोंबला जाईल. १ सेंमी = २ सेकंद धरलं तर १६ सेंटिमीटर, बरोबर बसतं. अंतराला १ सेंमी = २ मीटर, म्हणजे ४० मीटरला २० सेंटिमीटर. दोन्ही अक्षांवर बारीक घर ०.२ चं झालं. दोन्हींचं प्रमाण सारखंच असलं पाहिजे असा नियम नाही, इथे ते योगायोगाने जुळलं.

प्रमाण वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहा:
एक्स अक्ष: १ सेंमी = २ से
वाय अक्ष: १ सेंमी = २ मी

जपा: अक्षावर तक्त्यातले आकडे लिहू नका. आडव्या अक्षावर समान अंतरावर ३.९, ८.२, १२.०, १६.२ लिहिलेली वही मला दर वर्षी एकदा तरी दिसते. त्या आलेखात रेघ नेहमीच सरळ येते. माणूस धावला काय किंवा थांबला काय, रेघ सरळच! अक्षावर फक्त प्रमाणाचे आकडे येतात: ०, २, ४, ६, ८… समान घरांवर समान वाढ.

## टप्पा ७: बिंदू मांडा

१६.२ सेकंद, २० मीटर हा बिंदू घेऊ. आडव्या अक्षावर आठ मोठी घरं म्हणजे १६, पुढे एक बारीक घर म्हणजे १६.२. तिथून उभं वर दहा मोठी घरं म्हणजे २० मीटर. तिथे पेन्सिलचं टोक टेकवून बारीक ठिपका द्या आणि त्याभोवती छोटं वर्तुळ काढा. नुसता मोठा काळा ठिपका दिला तर तोच दोन-तीन बारीक घरं व्यापतो, मग बिंदू नेमका कुठे होता ते तुम्हालाही सांगता येत नाही.

३.९ सारख्या आकड्याला बारीक घराच्या मधोमध जावं लागतं. एक मोठं घर आणि साडेनऊ बारीक घरं. तेवढं डोळ्यांना जमतं.

पडताळा: सगळे बिंदू मांडून झाल्यावर वही शेजारच्याकडे द्या. त्याने कागदावरून आकडे वाचायचे आणि तुम्ही तक्त्याशी ताडून बघायचे. आपली चूक आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला चटकन दिसते.

## टप्पा ८: रेघ ओढा

बिंदूला बिंदू जोडू नका. जोडत गेलात तर रेघ नागमोडी होते आणि चालणारा दर पाच मीटरला चाल बदलत होता असं ती सांगते. प्रत्यक्षात तो एका ठेक्यात चालला, मागेपुढे झालं ते बोट.

एक शिवणाचा काळा दोरा घ्या. एक टोक आरंभबिंदूवर अंगठ्याने दाबा, दुसरं टोक ताणून धरा आणि काही बिंदू दोऱ्याच्या वर, काही खाली राहतील असा तो हळूहळू फिरवा. नीट बसला की वरच्या टोकाशी खूण करा आणि मग पारदर्शक पट्टीने एका दमात रेघ ओढा. आपल्या तक्त्यात ८.२ आणि १६.२ हे बिंदू रेघेच्या किंचित उजवीकडे येतात, ३.९ आणि १९.८ किंचित डावीकडे. असंच असायला हवं.

सगळेच बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आणि जवळजवळ सारख्याच अंतरावर राहत असतील तर घड्याळ सुरू करायला उशीर झाला असेल किंवा घाई. तसं निष्कर्षात लिहा. बिंदू सरकवू नका.

## टप्पा ९: चढावरून चाल काढा

रेघेवरचे दोन बिंदू घ्या, एकमेकांपासून लांबचे. तक्त्यातले घेऊ नका. रेघ काढण्यासाठी एवढा खटाटोप केला तो एकेका मापातली चूक निवळावी म्हणून. पुन्हा तक्त्यातलेच आकडे घेतले तर ती चूक परत आत आली.

आपल्या रेघेवर ८ सेकंदांपाशी १० मीटर वाचता येतात आणि २८ सेकंदांपाशी ३५ मीटर.

चाल = (३५ − १०) ÷ (२८ − ८) = २५ ÷ २० = १.२५ मी/से

३.६ ने गुणलं की ताशी साडेचार किलोमीटर. माणसाची नेहमीची चाल एवढीच असते, म्हणजे उत्तर पटण्यासारखं आहे. उत्तर १२.५ आलं असतं तर ऑलिंपिकमधले धावपटूही मागे पडले असते, तेव्हा दशांशचिन्ह शोधायला हवं.

जपा: कोनमापक लावून रेघेचा कोन मोजू नका. प्रमाण बदललं की त्याच चालीची रेघ जास्त उभी किंवा जास्त आडवी दिसते, चाल मात्र १.२५ च राहते. चढ नेहमी अक्षांवरच्या आकड्यांनी काढायचा.

## टप्पा १०: मधे थांबा आला तर

नैकसमान गतीसाठी त्याच खुणांवर हे करा. २० मीटरपर्यंत नेहमीसारखं चाला, तिथे थांबा, मग उरलेले २० मीटर झपाझप चाला. सोयीसाठी पूर्ण आकडे घेऊ: पहिले २० मीटर १६ सेकंदांत, थांबा ६ सेकंद, पुढचे २० मीटर १० सेकंदांत.

बिंदू चार: (०, ०), (१६, २०), (२२, २०), (३२, ४०). इथे मात्र ते सरळ तुकड्यांनी जोडायचे, कारण गती खरोखरच तीन प्रकारची आहे. मधला तुकडा अगदी आडवा येतो. वेळ पुढे सरकतो, अंतर वीसवरच राहतं.

नेमकी इथेच मुलं रेघ खाली शून्यावर आणतात. “थांबला ना बाई, मग शून्य.” शून्य झाली ती चाल. कापलेलं वीस मीटर अंतर कुठे जाणार? वेग-काल आलेखात रेघ खाली येते, अंतर-काल आलेखात ती कधीही खाली येत नाही. माणूस उलटा फिरून घरी आला तरी अंतर वाढतच राहतं, कमी होतं ते विस्थापन. उभी रेघही कधी येत नाही. उभी रेघ म्हणजे काहीच वेळ न लागता अंतर कापलं, असं होतं.

तुकड्यांच्या चाली १.२५, ० आणि २ मी/से. सरासरी चाल काढायला यांची बेरीज करून तिनाने भागू नका, १.०८ असं चुकीचं उत्तर येतं. एकूण अंतर भागिले एकूण वेळ करा: ४० ÷ ३२ = १.२५ मी/से. एका ठेक्यात चालणाऱ्याची चालही १.२५ च होती. त्याची रेघ याच कागदावर तुटक काढा. दोन्ही रेघा निघतात एका जागेवरून, वाटेत वेगळ्या होतात आणि वर पुन्हा भेटतात. सरासरी चाल कशाला म्हणतात ते मुलांना इथे दिसतं, मला वेगळं समजवावं लागत नाही.

## टप्पा ११: लोकलचा आलेख काढायचा असेल तर

मुलांना लोकलचाच आलेख काढायचा असतो, आणि तो जरूर काढा. पण आधी वरचा चालण्याचा आलेख काढा.

चर्चगेटपासून दादर सुमारे १० किलोमीटर, वांद्रे १५, अंधेरी २२, बोरिवली ३४. खिडकीशी बसून प्रत्येक थांब्यावर दोन वेळा लिहा, गाडी थांबल्याची आणि सुटल्याची. दारात उभं राहून नोंदी करू नका, आणि संध्याकाळच्या गर्दीत तर करूच नका. रविवारची सकाळ बघा. गाडीच्या गतीबद्दल नंतर काही विचारलं तर सांगता यावं म्हणून सिग्नलला थांबली तर तेही लिहा.

घड्याळातली वेळ तशीच अक्षावर नेऊ नका. गाडी सुटली तो क्षण शून्य धरा आणि प्रत्येक नोंदीतून तो वजा करा. १२ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १२.५ मिनिटं. १२.३० लिहिलं की बिंदू चुकला. मिनिटांचे साठ भाग असतात, ग्राफ पेपरवर दहा.

प्रमाण एक्स अक्षावर १ सेंमी = ५ मिनिटं आणि वाय अक्षावर १ सेंमी = २ किमी घ्या. यात अर्ध्या मिनिटाचा थांबा जेमतेम एक मिलिमीटर येतो. रेघ न तुटता गेल्यासारखी दिसते, पण ती बारीक आडवी पायरी काढायची. समजा दादर ते वांद्रे ५ किलोमीटरला ७ मिनिटं लागली. ५ ÷ ७ × ६० म्हणजे ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास. ही दोन स्थानकांमधली सरासरी झाली. सुटताना गाडी हळू, मधे भरधाव, शेवटी पुन्हा हळू असते, म्हणून खरी रेघ किंचित वळणदार असणार. आपल्याकडे मधल्या नोंदी नाहीत, म्हणून सरळ तुकडा काढला, असं खाली एका ओळीत लिहा.

मेट्रोवरही हे करता येतं. वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर आणि १२ स्थानकं. मात्र ११.४ ला ११ ने भागून सगळी स्थानकं सारख्या अंतरावर बसवू नका, ती तशी नाहीत. मोबाईलच्या नकाशावर मार्गाच्या कडेने एकेका टप्प्याचं अंतर मोजून घ्या.

## टप्पा १२: खाली काय लिहायचं आणि वहीत कसं लावायचं

शीर्षक वर मधोमध: ‘एकसमान गतीचा अंतर-काल आलेख’. नुसतं ‘आलेख’ लिहून भागत नाही.

निष्कर्ष तीन-चार ओळींचा पुरे. रेघेचा आकार कसा आहे, त्यावरून गती कोणत्या प्रकारची, चाल किती (एककासह), आणि मापात चूक कुठे राहिली असावी. शेवटची ओळ मुलं गाळतात. चूक कबूल केली तर कमीपणा येतो असं त्यांना वाटतं. उलट ‘२० मीटरच्या खुणेवर तिन्ही वेळांत अर्ध्या सेकंदाचा फरक आला, कारण लॅप हाताने दाबला’ असं लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक असतं.

अक्ष, आकडे, रेघ सगळं पेन्सिलचंच राहू द्या. ग्राफ पेपर वहीत लावताना पूर्ण मागच्या बाजूला डिंक फासू नका. मुंबईच्या दमट हवेत कागद फुगतो, सुरकुततो आणि सरळ काढलेली रेघ दुसऱ्या दिवशी लाटेसारखी दिसते. फक्त डाव्या कडेला बोटभर पट्ट्यावर डिंक लावा आणि वर एखादी जड वही ठेवून रात्रभर वाळू द्या.